पुढच्या चाकाचा दुसरा ब्रेक

बाबा, माझ्या मोटारसायकलच्या पुढच्या चाकाला आता दोन ब्रेक आहेत. एक डाव्या बाजूने, एक उजव्या. हे तुझ्या कानावर गेलं असतं तर तू तोंडातला खर्रा थुंकून तलावाच्या पाळीवरूनच ओरडला असतास, "पोट्टे, तुहं डोकसं फिरलं का?" फिरलं नाही. उलट बऱ्याच वर्षांनी जाग्यावर आलं आहे, आणि तेच सांगायला बसले आहे. शाळेतल्या मराठीत लिहिते आहे म्हणून हसू नको. कागद समोर आला की हात तसाच चालतो, आठवीच्या बाई पाठीमागे उभ्या असल्यासारखा. बोलताना मी आहे तशीच आहे, मले-तुलेवाली, आणि तोंडही तसंच आहे. बाजारात माझ्याशी अजून कोणी नाद करत नाही.

मागच्या पावसाळ्यात पाळीच्या दगडावर शेवाळ होतं, त्यावरून पाय गेला आणि उजवा घोटा मोडला. चंद्रपूरला नेलं, आत धातूची पट्टी बसवली, हाड जुळलं. आता चालता येतं, जरा लंगडते एवढंच. पण पंजा खाली दाबायचा म्हटलं की घोटा ऐकत नाही. जोर लावला की डोळ्यांत पाणी येतं. आणि गाडीचा मागचा ब्रेक असतो नेमका उजव्या पायाखाली. तू मला शिकवलेला एकच ब्रेक तो. डॉक्टर म्हणाले, या पायावर भार देऊ नका. त्यांना काय माहीत, माझं सगळं दुकान या पायावर उभं आहे ते. पहाटे तलावावरून मासोळी उचलायची, बर्फात घालायची, गाडीच्या दोन्ही बाजूंना टब अडकवायचे आणि चामोर्शीच्या बाजारात चिंचेखाली आपल्या जागेवर जाऊन बसायचं. तुझ्यानंतर ती जागा मी एक दिवस रिकामी ठेवली नव्हती.

तुझा जावई गाडी चालवायला कधी शिकलाच नाही. लग्न झालं तेव्हापासून माझ्या मागे बसतो, मांडीवर वजनकाटा घेऊन, आणि त्याला त्याची काडीची लाज नाही. म्हणून तर माझं त्याच्याशी जमलं. थंडी सुरू झाली की वडशाच्या नाटक मंडळ्यांमागे वेडा होतो, आणि मग घरातही तसंच बोलतो. माझ्या पायाचं प्लास्टर निघालं त्या दिवशी अंगणात उभा राहिला, एक हात वर केला आणि म्हणाला, "आता ही गाडी या दारात उभी राहनार नाई! इकून टाकू!" मी म्हटलं, "हात खाली कर, कपडे वाळू घातले आहेत." पण आतून मी चरकले. तो चेष्टेत बोलत नव्हता. टेम्पोवाला दारात येऊन मासोळी उचलायला लागला होता, आणि मी पडवीत बसून डाळ निवडत होते. बाबा, मला डाळ निवडण्याचा किती राग आहे, हे तुला वेगळं सांगायला नको. बाजारात दुसऱ्याच एका बाईने चिंचेखाली पाल टाकलं आहे, असं कोणीतरी येऊन सांगितलं. त्या दिवशी मी जेवले नाही. गाडी गेली तर मी गेले, असंच मला वाटत होतं, आणि त्यात काही खोटं नव्हतं.

उपाय तर समोरच होता. पाय चालत नाही तर हाताने थांबव. उजव्या मुठीपाशी पुढच्या ब्रेकचा लिव्हर असतोच की. कोणीही हेच सांगेल. पण मी तुझी पोट्टी. मी माझ्या आयुष्यात पुढचा ब्रेक दाबलेला नव्हता.

तो दिवस मला असा दिसतो. मी सहावीत असेन. आपली ती जुनी गाडी, गावातली पहिली, जिच्या मागे पोट्टे नाल्यापर्यंत पळत यायचे. जाळं ओढून झालं आहे, टोपल्यांत रोहू आणि कतला, वर ओला गोणपाट, आणि निघतो म्हणेस्तोवर पुढचं चाक पंक्चर. तू चाक खोलतोस, खांद्यावर टाकून सायकलवाल्याकडे नेतोस, पंक्चर काढून आणतोस, परत बसवतोस. मी हँडल धरून उभी आहे, फ्रॉकच्या ओच्यात नट. बाजाराची वेळ टळत चालली म्हणून तू चिडलेला. चाक नीट आत जात नाही, तेव्हा टाचेने एक लाथ घालतोस आणि म्हणतोस, "बसलं." आपण निघतो. मी मागे, तुझ्या कमरेला धरून. नाल्यावरच्या रपट्याच्या उतारावर बकरी आडवी येते. तू दोन्ही ब्रेक दाबतोस, कोणीही दाबेल तसे. पुढचं चाक जागच्या जागी थिजतं आणि माझ्या हातातून तुझी कंबर निघून जाते.

मी बाजूच्या धानाच्या बांधीत पडले, चिखलात. मला खरचटलंसुद्धा नाही. मान वर करून पाहते तर तू रस्त्याच्या मधोमध पालथा, हात अंगाखाली, आणि हलत नाहीस. तुझ्या भोवती रोहू उड्या मारताहेत. ते सगळे हलत होते आणि तू तेवढा हलत नव्हतास. मग तू तोंड उघडलंस ते कशासाठी, तर "मासोळ्या उचला रे!" म्हणायला. मेल्या, असा राग आला होता मला तुझा! कोपर मोडलं होतं. ते पुन्हा कधी सरळ झालं नाही. लोकांनी गाडी उभी केली तेव्हा पुढच्या चाकाच्या मध्यभागी ब्रेकची केबल गुंडाळून बसलेली होती, चरख्यावर सूत बसावं तशी. सगळे म्हणाले, पडण्यात ओढल्या गेली असन. तू घरी आल्यावर डाव्या हाताने विळा घेतलास आणि ती केबल कापून विहिरीमागे फेकलीस.

त्यानंतर तू पुढच्या ब्रेकवर जो दात धरलास तो शेवटपर्यंत सोडला नाहीस. मागचा ब्रेक गाडी थांबवतो आणि पुढचा माणूस मारतो, हे तू चहाच्या टपरीवर, तलावावर, लग्नाच्या पंगतीत, जिथे चार माणसं दिसली तिथे सांगितलंस. गावात पहिली गाडी तुझी, तेव्हा तुझा शब्द म्हणजे कायदा. ज्याने ज्याने नंतर गाडी घेतली तो आधी तुझ्याकडे आणायचा, आणि तू बांबूची चिपाटी तासून लिव्हर आणि मुठीच्या मधात ठोकायचास, वरून ट्यूबची पट्टी गुंडाळायचास, की लिव्हर दाबायचा म्हटलं तरी दबू नये. बाजारात आपल्या गावच्या गाड्या त्यावरून ओळखायच्या. मला शिकवताना तर तू मागे निर्गुडीची काडी घेऊन बसायचास. बोट लिव्हरकडे गेलं की काडी बसलीच बोटावर. "तुले सांगतलं ना! हात तोडीन!" पुढे मी माझ्या कमाईची नवी गाडी घेतली, तिला पुढे डिस्क ब्रेक होता, चकचकीत पोलादी ताट चाकाला लावल्यासारखा. तू तेव्हा नव्हतास. तरी घरी आणल्याबरोबर पूजा व्हायच्या आधी मी चिपाटी ठोकली.

डाळ निवडत बसण्यापेक्षा पुढचा ब्रेक परवडला, म्हणून शेवटी ही गाडी मी चामोर्शीच्या मेकॅनिककडे दिली. बाजाराच्या मागच्या गल्लीत त्याचं दुकान आहे. माझ्यापेक्षा बराच लहान, तोंडाने फटकळ, म्हणून माझं त्याच्याशी पटतं. त्याने चिपाटी पाहिली, उपसून काढली, पुढच्या ब्रेकचे पॅड खोलून हातात घेतले आणि माझ्याकडे पाहतच राहिला. "अवो बाई, हे पॅड तं कंपनीतून आले तसेच आहेत! इतके साल तुमी गाडी चालवली का ढकलली?" मी म्हटलं, "तुले काय करायचं आहे? तू काम सांग." तो म्हणाला, आहे तोच ब्रेक साफ करून देतो, एक डिस्क पुष्कळ झाली. मी म्हटलं, नाही. एकाच बाजूने धरलं तर चाक त्या बाजूला ओढलं जाईल. जाळं एकट्याने एका काठावरून ओढलं की कसं तिरपं फिरतं, तसं. मला दोन्हीकडून पाहिजे. तो हसला. तसं होत नसते म्हणाला, चाक काही जाळं नाही. मी ऐकलं नाही. शेवटी म्हणाला, "तुमचा माल भारी असते, मागचा ब्रेक तुमच्यानं दाबल्या जात नाई. लावू दुसरा, बिघडत काई नाई. पन ऐका, दोन लावाचे तं दोघांनी एकदमच धरलं पाहिजे. एक आधी अन् एक मंग, असं झालं तं एकापेक्षा वाईट."

मग ते काम जे लांबलं ते लांबलंच. एका मोडीत निघालेल्या गाडीचा शॉकअप, म्हणजे पुढचं चाक दोन्हीकडून धरणारे दांडे, त्याने मिळवला, ज्याच्या पायाला कॅलिपर अडकवायला कान होते. कॅलिपर म्हणजे तो लोखंडी चिमटा, बाबा, डिस्कच्या दोन्ही बाजूंना पॅड धरून बसतो आणि लिव्हर दाबला की डिस्कला चिमटीत घेतो. चाकाच्या दुसऱ्या बाजूलाही डिस्क लावली, हँडलवरची तेलाची डबीही मोठी बसवली, दोन चिमट्यांना पुरेल अशी. मी रोज जायचे ऑटोत बसून. तुझा जावईही यायचा, स्टुलावर बसून चहा प्यायचा आणि गाडी विकायला किती चांगली दिसते आहे ते सांगायचा.

दुसरा कॅलिपर लावला आणि लिव्हर दाबून पाहिला तर लिव्हर नुसता लोण्यासारखा. आतली हवा निघेना. मेकॅनिक तेल टाकतोय, लिव्हर मारतोय, बारक्या स्क्रूतून तेल सोडतोय आणि शिव्या देतोय. मी वाकून पाहिलं. तो कॅलिपर मुळात दुसऱ्या बाजूचा, तो इकडे लावताना उलटा झाला होता, आणि हवा सोडायचा स्क्रू आला होता खाली. मी म्हटलं, "भाऊ, बुडबुडा कधी खाली जाते का?" आपण जन्मभर तलावात बुडबुडे पाहून मरळ कुठे बसली आहे ते ओळखणारी माणसं. त्याने कपाळावर हात मारला. कॅलिपर खोलून हातात सुलटा धरला, पॅडच्या मधात लाकडाचा तुकडा घातला, हवा काढली आणि परत लावला. लिव्हर दगडासारखा झाला. "चाल तिच्या मायचं," म्हणाला, "बाई, तुमी दुकानात बसत जा." मला फार बरं वाटलं.

पण चाक फिरवलं की एका ठिकाणी खर्रर वाजायचं. नवी डिस्क दोन पॅडच्या बरोबर मधातून जायला पाहिजे, ती एका पॅडला घासून जात होती. मेकॅनिकने मागे पांढरा कागद धरला आणि मला फट पाहायला लावली. एका बाजूला उजेडाची रेघ होती, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. तुझा जावई म्हणाला, कोल्ड्रिंकच्या डब्याचा पत्रा कापून घाल ना मधात. मेकॅनिकने त्याला असं पाहिलं की तो पुन्हा चहाकडे वळला. "ब्रेकच्या कामात डब्याचा पत्रा नाई चालत, भाऊ." लेथवर जाऊन त्याने पातळ वायसर, गोल चकत्या, करून आणले. कॅलिपर अडकतो त्या कानामागे घातले, काढले, एक घासला, पुन्हा घातला. आता कागदावर दोन्हीकडे रेघ दिसायची, पण चाक जोरात फिरलं की अजून कुठेतरी किंचित चाटायचंच. तेव्हा तो म्हणाला, आता शेवटचं काम राहिलं.

त्याने एक्सलचा नट ढिला केला आणि शॉकअपच्या एका पायाचा बोल्ट ढिला ठेवला. गाडी स्टँडवरून उतरवली. "बाई, आता बसा. पुढचा ब्रेक दाबा, दाबूनच धरा, अन् वरून जोर देऊन शॉकअप खाली-वर करा. दोन्ही कॅलिपर डिस्कले धरतीन, चाक आपली जागा पाह्यन, अन् हा पाय त्याच्या मागं आपसूक सरकन. मंग मी कसतो." साधी गोष्ट. गाडी उभी होती, इंजिन बंद, भर दुपार, चार माणसं आजूबाजूला. मी बसले, मूठ धरली आणि माझी बोटं मुठीवरून हलेनात. खरंच हलेनात, बाबा. मेकॅनिक खाली बसून वाट पाहत होता. "काय झालं? करंट लागते का लिव्हरले?" तुझा जावई मदतीला धावला आणि त्याने सगळी गोष्ट सांगितली, हातवारे करून, तू उडालास ते, रोहू उडाले ते, केबल गुंडाळली ते. त्याने ती पाहिलेली नाही, माझ्याकडूनच ऐकलेली. पण नाटकासारखी सांगितली.

मेकॅनिक पाना हातात घेऊन थांबला. "केबल गुंडाळली होती? चाकाच्या मधात?" मी म्हटलं, "हाव. पडल्यावर." तो म्हणाला, "पडल्यावर नाई. आधी." आणि विचारलं, त्या दिवशी चाक खोललं होतं का. मी सांगितलं, पंक्चर होतं, बाबानेच खोललं, बाबानेच बसवलं. तो उठला, मागच्या भंगारातून एक जुनं ड्रमवालं चाक आणि एक गंजलेला शॉकअप घेऊन आला आणि माझ्या पायापाशी ठेवला. "हे पाहा बाई, जुन्या गाड्यांले असाच ब्रेक राहे. हे ड्रमचं झाकन, लायनर याच्या आतमंधी. या झाकनाले ही खाच आहे. शॉकअपच्या पायाले आतून हा दात. दात खाचंत बसला तं झाकन जाग्यावर राह्यते अन् लायनर चाकाले धरते. नाई बसला, तं गाडी चालते, पयते, काई समजत नाई. ज्या टाइमले ब्रेक दाबला, त्या टाइमले सारं झाकनच चाकासंग फिरते. केबल गुंडाळते, चाक जाम. मानूस सीधा हवेत." मी विचारलं, "म्हंजे ब्रेकचा दोष नोहता?" तो म्हणाला, "ब्रेक बिचारा तं आपलं काम करून राह्यला होता. खाच बसलीच नोहती."

"बसलं," तू म्हणाला होतास. टाचेने लाथ घालून.

मग मी काय केलं सांगू? मी गाडीवरून उतरले आणि तुझ्यावर जेवढं ओरडायचं होतं तेवढं त्या मेकॅनिकवर ओरडले. "सारं गाव! सारं गाव त्या बुढ्यानं एका पायावर चालवलं! माह्या बोटावर काड्या मारल्या! अन् सोताच चाक उलटं-सुलटं कोंबलं!" तो म्हणाला, "मले काऊन बोलता बाई, मी तं पैदा बी झालो नसन तवा." तुझा जावई हसायला लागला. मी त्याच्यावरही ओरडले. मग मलाच हसू आलं आणि हसता हसता रडायला आलं, तिथेच, तेलाच्या डबड्यांच्या मधात उभी राहून. मला वाईट वाटत नव्हतं. इतकं हलकं वाटत होतं की काय करावं ते कळेना. मी ज्याला एवढी वर्षं घाबरत होते तो कोणी राक्षस नव्हताच. घाईत न बसलेली एक खाच होती, नखाएवढी.

तुला ते कळलं होतं का, हे मी खूप वेळ मनात घोळवलं. केबल तूच कापलीस, तूच फेकलीस. पण मला वाटतं तुला कळलं नाही. कळलं असतं तर तू लपवलं नसतंस. स्वतःच्या फजितीची गोष्ट सांगण्यात तर तुझा हात कोणी धरत नव्हता. जाळ्यात स्वतःच अडकून तलावात पडलास ती गोष्ट तू माझ्या लग्नात व्याह्यांना सांगितली होतीस. ही गोष्ट तू कोपर दाखवून दाखवून सांगितली असतीस आणि लोक पोट धरून हसले असते. तू घाबरला होतास, बस. मी मागे बसलेली होते, ते तुला पडताना आठवलं असेल. त्याशिवाय माणूस सगळ्या गावाच्या गाड्यांना चिपाट्या ठोकत फिरत नाही.

मी पुन्हा गाडीवर बसले. या वेळी बोटं उघडली, लिव्हरवर ठेवली आणि दाबली. काही झालं नाही. म्हणजे जे व्हायला पाहिजे तेच झालं. चाक धरलं गेलं. मी अंगाचा भार टाकून पुढची बाजू खाली-वर केली, पुन्हा पुन्हा, आणि खाली बसलेला मेकॅनिक "अजून, अजून" म्हणत होता. शॉकअपचा पाय किंचित सरकलेला मला पोटात जाणवला. त्याने एक्सल कसला, मग बोल्ट कसला. गाडी स्टँडवर घेतली, चाक फिरवलं. ते फिरतच राहिलं आणि कुठे आवाज नाही. कागद धरला, दोन्ही डिस्कच्या दोन्ही बाजूंना उजेडाची सारखी रेघ. "दाबा," म्हणाला. मी दोन बोटांनी दाबला आणि चाक जाग्यावर थांबलं, ना इकडे ओढ ना तिकडे. तुझा जावई स्टुलावरून उठला, हात वर केला, काहीतरी मोठं बोलणार होता, पण फक्त एवढंच म्हणाला, "मंग नाई इकत बावा." आता तो ती गोष्ट सगळ्यांना सांगतो, जणू काही विकायचं माझ्याच डोक्यात होतं.

बाजाराच्या मैदानात मी खूप वेळ शिकले. हळू चालवायची, सरळ धरायची, लिव्हर झटका न देता पिळायचा. वाळू असेल तिथे बेताने. मेकॅनिकने टबांत पाणी भरून दिलं, म्हणाला पाणी सांडलं तर झटका बसला. आधी माझे पाय ओले झाले, तुझ्या जावयाची चप्पल ओली झाली, मग हळूहळू पाणी टबातच राहायला लागलं. पुढच्या बाजाराला मी चिंचेखाली होते. त्या बाईने आपलं पाल मुकाट्याने पलीकडे सरकवलं. तिलाही मी अर्धी सावली दिली, एवढी काही मी वाईट नाही.

गावात मी सांगते आहे की चिपाट्या काढा. चाक खोललं की खाच पाहा, आणि ब्रेक बेधडक दाबा. काहींनी काढल्या. तुझ्या बरोबरीचा तो जाळं विणणारा म्हातारा आहे ना, तो म्हणाला, "तुह्या बापानं सांगतलं होतं, पुढचा दाबाचा नाई." मी म्हटलं, "माहा बाप आज असता तं त्यानंच काढल्या असत्या." रपट्यावर नेमकं काय झालं होतं ते मी त्याला सांगितलं नाही. मेकॅनिकलाही बजावून ठेवलं आहे. तुझ्या जावयाचा मात्र भरवसा नाही.

तुझ्याशी कडकडून भांडायचं आहे, बाबा, आणि समोर तू नाहीस, एवढंच माझं गाऱ्हाणं आहे. हा कागद मी कोणाला दाखवणार नाही. तलावात सोडावा असं एकदा वाटलं होतं, पण मासोळ्यांनी शाई कशाला खायची. घडी करून गाडीच्या सीटखाली ठेवीन, आणि धुताना भिजला तर भिजला.

अजून एक सांगते आणि थांबते. दुकानातून गाडी घेऊन पहिल्यांदा घरी निघालो, तेव्हा रपट्याच्या उतारावर काहीच आडवं आलं नव्हतं. ना बकरी, ना ढोर. तरी मी मुद्दाम पुढचा ब्रेक दाबला. गाडी सरळ, शांतपणे थांबली, टबातलं पाणी हललं आणि निवलं. तुझा जावई मागून म्हणाला, "काऊन थांबली?" मी म्हटलं, "ब्रेक पाहून राह्यली." खोटं बोलले. ब्रेक मी दिवसभर पाहिला होता. मी समोरचा रस्ता पाहत होते, तू पडला होतास तेवढा. तिथे कोणी नव्हतं. मग मी गिअर टाकला.